केस कोणाचे, निर्णय कोणाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काही जण गालातल्या गालात हसले असतील. काल या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या राज्यघटनेवर होणार आहे. आणि मधल्या दिवशी कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता उभा राहून चेहऱ्यावरचे आणि अंगावरचे केस कसे काढावेत हे सांगणार! पण मंडळी, हा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. गेली काही वर्षे मी ज्या कामगारांत वावरतो, त्यांत ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुली आहेत आणि सलूनमधले कारागीर आहेत. त्यांच्या मजुरीविषयी बोलता बोलता त्यांच्या गिऱ्हाइकांविषयीही कळत गेले. ज्या गोष्टीवर घरोघर दरमहा पैसा खर्च होतो, जिच्यापायी कित्येक मुली आरशासमोर डोळे पुसतात, तिच्याविषयी उघडपणे कोणी चार शब्द नीट बोलत नाही. जाहिरात ओरडून बोलते, शेजारीण कुजबुजते, आणि ज्याला खरी माहिती आहे त्या डॉक्टरापर्यंत जाण्याची लाज वाटते.

माझे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मी आपल्याला वैद्यक शिकवणार नाही. मालकाशी वाटाघाटीला बसताना आम्ही कराराचा कागद जसा एकेक कलम बोटाखाली धरून वाचतो, तसा हा विषय मला आपल्यापुढे वाचून दाखवावयाचा आहे.

कराराचे पहिले कलम असते ते पक्षकारांचे. म्हणजे करार करतो कोण? हाच प्रश्न येथेही पहिला. केस काढावेत असे ठरवले कोणी? ज्याच्या अंगावर ते आहेत त्याने, की दुसऱ्याने?

या प्रश्नाला आपल्या महाराष्ट्रात मोठा इतिहास आहे. नवरा वारला की बाईच्या डोक्यावरचे केस वस्तऱ्याने उतरवले जात. तिला कोणी विचारीत नसे. सुधारक लिहीत होते, बोलत होते. पण १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे त्यांनी ठरवले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. लोखंडे हे आपल्या देशातल्या कामगार चळवळीचे आद्य पुढारी. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती त्याच साली आणि त्यांच्याच प्रयत्नांनी. कामाच्या घटकेवर कामगाराचा हक्क आणि केसांवर बाईचा हक्क, या दोन गोष्टी त्यांना वेगळ्या वाटल्या नाहीत. मलाही वाटत नाहीत.

आज सक्तीचा वस्तरा गेला, पण सक्ती निराळ्या वेषाने येते. मुलगी दाखवायची आहे म्हणून आई म्हणते, ओठावरची लव काढून घे. दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या पोरीला मालक सांगतो, हात स्वच्छ करून ये. 'स्वच्छ' हा शब्द ध्यानात घ्या. केस म्हणजे घाण नव्हे. भुवई घामाचा थेंब डोळ्यांत जाऊ देत नाही, पापणी धूळ अडवते, काखेतली आणि जांघेतली लव कातडीचे कातडीशी होणारे घर्षण कमी करते. दाई नवजात बाळाच्या अंगावर कणकेचा गोळा घासून लव काढीत असे, अजूनही काही घरांत काढतात. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. घासल्याने बाळाची कोवळी कातडी मात्र सोलवटते. सांगावयाचे ते इतकेच, की काहीही न करणे हा या विषयातला पहिला आणि पूर्ण इभ्रतीचा पर्याय आहे. त्याला खर्च नाही आणि त्याची कोणाला कैफियत देण्याची गरज नाही.

पण म्हणून जी काढते ती फॅशनच्या आहारी गेली, असे म्हणणाऱ्यांतलाही मी नव्हे. आमच्या जुन्या कार्यकर्त्यांत अशी टीका करण्याची खोड होती. बाईच्या हनुवटीवर राठ केस आले म्हणजे तिला बसमध्ये, कारखान्यात, लग्नघरात काय सोसावे लागते ते तिलाच ठाऊक. पुरुषांतही मानेवर, पाठीवर दाट केस असणारे असतात. आणि ज्यांनी पुरुषाच्या देहात जन्म घेऊन बाई म्हणून जगण्याचा निर्धार केला, त्यांना दाढी ही रोजची जखम वाटते. २०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला, तेव्हा त्यातील विम्याच्या कलमात लेसर उपचाराचा नाव घेऊन उल्लेख केला. तेव्हा ही चैन आहे की गरज, हे बाहेरच्याने ठरवू नये.

आता दुसरे कलम. पद्धत निवडण्याआधी केस का आले ते पाहा. आमच्या एका सभासद मुलीची हकीकत तिच्या परवानगीने सांगतो. ती शिवणाच्या कारखान्यात काम करते. वयाच्या बाविसाव्या वर्षी तिच्या हनुवटीवर आणि गळ्याखाली जाड केस येऊ लागले. एका ठिकाणी तिला आठ बैठकांचे लेसरचे पॅकेज हप्त्यांवर बांधून दिले. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला. पाळी नियमित येते का, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. तिची पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. पाच बैठका झाल्या तरी नवे केस येतच राहिले. शेवटी सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. अंडाशयाशी आणि संप्रेरकांशी निगडित असा तो विकार निघाला. त्याला पीसीओएस म्हणतात आणि तो आपल्याकडे पुष्कळ मुलींत आढळतो. मूळ दुखण्यावर उपचार सुरू झाल्यावर मग केस काढण्याच्या उपायांनाही गुण येऊ लागला. छप्पर गळत असताना भिंतीला रंग देऊन काय होणार?

म्हणून लक्षात ठेवा. बाईच्या ओठावर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली पुरुषासारखे जाड केस येत असतील आणि पाळी अनियमित असेल, तर आधी डॉक्टर. हे सगळे थोड्या महिन्यांत झपाट्याने झाले, आवाज घोगरा झाला, कपाळाचे केस मागे हटू लागले, तर उशीर करू नका. क्वचित अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असू शकते. काही औषधांनीही लव वाढते. फिट्सवरच्या फेनिटॉइनने वाढते, डोक्याचे केस वाढावेत म्हणून लावतात त्या मिनॉक्सिडिलने वाढते. आणि एक फार मोठे कारण आपल्या मोहल्ल्यांत आहे. गोरे होण्यासाठी म्हणून मुली जी मलमे चोळतात, त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असते. कातडी पातळ होते, लाल होते आणि चेहऱ्यावर केस येतात. मग ते केस काढण्यासाठी दुसरा खर्च! अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत म्हणून सरकारने २०१८ साली नियम कडक केला. तरी ती हातोहात मिळतात, हे आपण जाणता.

तिसरे कलम प्रत्यक्ष पद्धतींचे. येथे मी दोनच प्रश्नांचा काटा लावतो. केस कोठे तुटतो? आणि चुकले तर काय होते?

वस्तरा किंवा रेझर केस कातडीच्या पातळीवर कापतो. म्हणून एक ते तीन दिवसांत खुंट हाताला लागतात. खुंटाचे टोक बोथट असते, त्यामुळे तो राठ वाटतो; आणि त्यावरून 'केस जाड झाले' अशी समजूत रूढ झाली. बाईने गालाला ब्लेड लावला की दाढी येते, ही घरोघरची भीती त्यातूनच आली. कापलेल्या टोकाला मूळ ओळखीत नाही. अमेरिकेत सेंट लुई येथे मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली मोजमाप करून दाखवले, की दाढी केल्याने केस जाडही होत नाहीत आणि वेगानेही वाढत नाहीत. रेझर स्वस्त आहे, घरी वापरता येतो आणि दुखत नाही. कातडी कोमट पाण्याने मऊ करावी, केसाच्या दिशेने फिरवावा आणि पाते धारदार असावे. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांचा केस वाकून पुन्हा कातडीत शिरतो व फोड येतात. अशांनी अगदी तासून काढू नये. रेझरने डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडतात. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी वस्तरा लावू नये, केस काढणे भागच असेल तर क्लिपरने कापावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले. शस्त्रक्रियागृहाला जे लागू, ते नाजूक जागेलाही लागू. तेथले केस कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड ठेवणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय. आणि सलूनमध्ये बसताना पाते नवे घातले की नाही हे डोळ्यांनी पाहा. जुन्या पात्यावरून कावीळ ब आणि क यांचे विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातात. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

केस काढण्याची क्रीम केस विरघळवते. पूर्वी हरताळ आणि चुना यांचा लेप याच कामासाठी वापरीत. हरताळ म्हणजे सोमलाच्या जातीचे विष. आताच्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट नावाचे द्रव्य असते. केस ज्या केराटिनाचा बनतो, त्याच केराटिनाचा कातडीचा वरचा थर बनतो. म्हणजे जे केसाला खाते ते कातडीलाही खाणार. डबीवर जितकी मिनिटे लिहिली तितकीच ठेवावी. 'आणखी पाच मिनिटे ठेवू, म्हणजे नीट निघतील' या हिशेबाने कातडी भाजते. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहावी. चेहऱ्याची वेगळी आणि अंगाची वेगळी असते, ती बदलून वापरू नये. आणि नाजूक जागी तर नकोच.

दोऱ्याने, चिमट्याने आणि वॅक्सने केस मुळातून उपटला जातो, म्हणून तो दोन ते सहा आठवडे येत नाही. भुवयांसाठी दोरा उत्तम. त्यात रसायन नाही, उष्णता नाही आणि खर्च थोडा. पण दोरा प्रत्येकीला नवा हवा, आणि चेहऱ्यावर चामखीळ किंवा पिकलेले फोड असतील तर ते बरे होईपर्यंत थांबावे, नाहीतर दोऱ्याबरोबर रोगही पसरतो. हातापायांना वॅक्स सोयीचे. साखर आणि लिंबाचा पाक करून ते घरीही होते. त्यात दोन धोके आहेत. एक म्हणजे पाक फार गरम असणे. दुसरा असा, की मुरुमांसाठी ज्यांची रेटिनॉइडची मलमे किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या कातडीचा थरच वॅक्सबरोबर निघून येतो. त्या गोळ्या बंद केल्यावरही काही महिने थांबावे. मधुमेहाच्या रुग्णांनी वॅक्स करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आणि ज्यांची लव बारीक आहे त्यांना ती काढण्याची गरजच नसते. ब्लीचने तिचा रंग फिका केला की ती दिसत नाही.

आता चौथे कलम, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. ते 'कायमचे' या शब्दाचे. कामगाराला जसा 'कायम' हा शब्द प्रिय, तसाच या बाजारालाही. आणि दोन्हीकडे त्या शब्दाचा अर्थ फार काळजीने वाचावा लागतो.

१९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत क्ष-किरणांनी केस घालवण्याचा धंदा जोरात चालला. ट्रायको नावाचे यंत्र केंद्राकेंद्रांतून बसवले होते. बाई पेटीसमोर चेहरा धरून बसे. वेदना नाही, काही नाही, आणि केस खरोखर गळत. वर्षांनी त्याच चेहऱ्यांवर सुरकुतलेली, डागाळलेली कातडी आली, व्रण आले आणि कित्येकींना कर्करोग झाला. त्यानंतर १९३० च्या सुमारास कोरेम्लू नावाचे एक क्रीम निघाले. त्यात थॅलियमचा क्षार होता. थॅलियम म्हणजे उंदीर मारण्याचे विष. बायकांचे पाय लुळे पडले, काहींची दृष्टी गेली. त्या वेळच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. तो झाला १९३८ च्या नव्या कायद्याने, अशी अनेक माणसे बळी पडल्यानंतर. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. पण दुखत नाही म्हणजे धोका नाही, हा समज किती महाग पडतो हे त्या बायकांनी आपल्या देहावर लिहून ठेवले आहे.

मग खरोखर कायमचे काय आहे? वीज. १८७५ साली, त्याच सेंट लुई शहरात, चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने डोळ्यात टोचणाऱ्या उलट्या पापण्यांच्या मुळाशी बारीक तार घालून विजेने ते मूळ नष्ट केले. तीच इलेक्ट्रोलिसिसची पद्धत. अमेरिकेचे औषध प्रशासन केस 'कायमचे काढणे' हे शब्द हिलाच लावू देते. केस पांढरा असो की काळा, कातडी कोणतीही असो, ती चालते. पण एकेक केसाचे मूळ सुईने गाठावे लागते. म्हणून वेळ फार लागतो, आणि हात कसलेला नसेल तर डाग राहतात. हनुवटीवरच्या थोड्या केसांना ती योग्य, पाठीला नव्हे.

लेसरची गोष्ट निराळी. १९८३ साली अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी असे तत्त्व मांडले, की विशिष्ट रंगाच्या प्रकाशाचा अल्पकाळ झोत टाकला तर तो रंग ज्यात आहे तेवढीच वस्तू तापते. केसात काळे रंगद्रव्य असते. ते तापते आणि मूळ भाजते. १९९५ साली अमेरिकेत अशा पहिल्या यंत्राला परवानगी मिळाली. पण तेथील प्रशासनाने शब्द मान्य केला तो 'कायमची घट' असा. 'कायमचे नाहीसे' असा नव्हे. घट आणि नाहीसे यांतला फरक ज्याने पगारकपात पाहिली आहे त्याला समजावून सांगावा लागत नाही! सहा ते आठ बैठका लागतात, कारण सर्व केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात आणि लेसर वाढत्या केसालाच नीट पकडतो. पुढेही अधूनमधून बैठक लागते, चेहऱ्याला विशेष.

आणि येथे आपल्या कातडीचा रंग आडवा येतो. रंगद्रव्य केसात आहे तसे सावळ्या कातडीतही आहे. प्रकाशाला दोघांतला भेद कळावा म्हणून यंत्र निवडावे लागते. सावळ्या वर्णाला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर अधिक सुरक्षित, कारण तो वरच्या थरात कमी अडतो आणि खोल जातो. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट गोऱ्या कातडीला ठीक. आपल्याकडे त्याने भाजण्याची आणि डाग पडण्याची भीती जास्त. उन्हात शेतावर किंवा रस्त्यावर काम करणाऱ्यांनी तर विशेष जपावे. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही, कारण तापायला रंगच नाही. आणि आपल्या आयाबायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातावर गोंदण असते. त्यावर लेसर मारला तर गोंदणाची शाई तापून कातडी भाजते. गालावरच्या बारीक लवेवर मारला, तर आपल्याकडच्या काही बायकांत लव कमी होण्याऐवजी वाढल्याचे डॉक्टरांनी नोंदले आहे. पाण्यासारखा पैसा खर्चून केस विकत घेण्याचा हा प्रकार!

शेवटचे कलम माझ्या धंद्याचे. आपल्याला सल्ला देणारी पार्लरमधली मुलगी कोण आहे? ती दिवसाचे दहा-दहा तास उभी असते. दिवसभर दोरा ओढून तिची मान आणि खांदे धरतात, दातांत दोरा धरून हिरड्या दुखतात. तिचा मूळ पगार थोडा. उरलेले पोट पॅकेज विकल्यावर मिळणाऱ्या कमिशनवर. महिन्याचे लक्ष्य पुरे झाले नाही तर मालक बोलतो. अशा मुलीने 'ताई, तुम्हाला काही करण्याची गरज नाही' असे म्हणावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी? तिला खरे बोलता यावे असे वाटत असेल तर तिला पुरा पगार मिळाला पाहिजे. गिऱ्हाइकाचे हित आणि कामगाराचे हित येथे एकमेकांविरुद्ध नाही. दोघींच्या मधे उभे आहे ते कमिशन.

तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, पैसे देण्याआधी विचारावयाचे आमचे मागणीपत्र असे आहे. एक, यंत्र कोणते आणि माझ्या वर्णाला ते चालते का? दोन, ते चालवणार कोण, आणि त्यावर कोणत्या डॉक्टरांची देखरेख? तीन, आधी लहानशा जागेवर चाचणी करून दाखवाल का? चार, भाजले तर उपचार कोण करणार? पाच, मधेच थांबले तर उरलेले पैसे परत मिळतील का? आणि ही सर्व उत्तरे कागदावर. जो कागदावर द्यायला तयार नाही, त्याच्याकडून पाय मागे घ्यावा.

हे पाच प्रश्न दुकानदाराला. सहावा प्रश्न मात्र घरी, एकांतात, स्वतःला: हे मला हवे आहे का? उत्तर 'होय' असेल तर लाज न बाळगता जा, आणि माहिती घेऊन जा. उत्तर 'नाही' असेल तर कोणाच्या सांगण्यावरून जाऊ नका. १८९० साली वस्तरा हातात असलेल्या माणसांनी नकार दिला होता. आज निदान ज्यांच्या अंगावर केस आहेत, त्यांना तरी होकार आणि नकार दोन्ही देता आले पाहिजेत.